हेल्मेटमधले अनारसे

माझ्या अपघाताच्या सध्या चार गोष्टी चालू आहेत. पहिलीत कुत्रं आडवं आलं. दुसरीत रानडुक्कर. तिसरीत समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं कट मारला. चौथी मी फक्त साडूला सांगितली, कारण त्याला नीलगायीखेरीज काही पटत नाही. चारही गोष्टी माझ्याच. भेटायला येणारा माणूस शहाळं घेऊन इतक्या लांबून दवाखान्यात येतो, त्याला "चिखलात घसरलो" एवढंच सांगून परत पाठवणं माझ्या जिवावर यायचं.

शेवटी वंदना, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एकदाची खरी लिहून तरी काढा. आलेल्या पाहुण्याच्या हातात देता येईल, अन् मला दर चहाला नवीन जनावर ऐकावं लागणार न्हाई."

तर ही खरी. मी नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान चालवतो. वयानं पन्नाशी ओलांडली आहे, पोट तिच्याही थोडं पुढे गेलं आहे. आमच्या खानदानात लग्न, बारसं, तेरावं काहीही असो, जेवणं झाली की मला मधे बसवून गोष्ट सांगायला लावायची पद्धत आहे. या अपघाताचं मूळही त्याच सवयीत आहे, पण ते पुढे येईल.

ज्याचं हाड नुकतंच मोडलंय आणि जो पाठीवर पडून छताच्या पंख्याकडे बघतोय, त्याच्यासाठी मी हे लिहितोय. पंख्याची पाती मोजून झाली असतील तर वाचायला घ्या. तीनच असतात.

वाण

धोंड्याचा महिना होता. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि आमच्यासारख्या टक्कल पडलेल्या जावयांनाही पुन्हा भाव येतो. सासरी बोलावणं, पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, आणि ताटात दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण. वाणाची वस्तू जाळीदार लागते, भोकं असलेली. म्हणून अनारसे, म्हणून बत्तासे.

माझी सासुरवाडी मुखेडजवळच्या एका खेड्यात. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामींचा अनारसा अख्ख्या गावात वाखाणलेला. त्या तो रंगावर उतरवत नाहीत, वासावर उतरवतात. डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. कढईकडे पाठ करून बोलत बसतील, आणि नेमक्या वेळी वळून झारा घालतील.

त्या वर्षी ताटात अनारशांच्या शेजारी एक मोठी पिशवी होती. मी मनातल्या मनात अंगठीवर गेलो होतो. पिशवी उघडली तर आत काळं कुळकुळीत हेल्मेट. माझा चेहरा पडला असणार, कारण मामा, जे दिवसाकाठी जेमतेम दहा शब्द खर्च करतात, त्यांनी हेल्मेट उचललं, फिरवून वरची हवा खेळायची भोकं मला दाखवली आणि म्हणाले, "जाळी हाय की याला बी."

म्हणजे शास्त्रात बसत होतं.

मामांनी त्या वर्षभरात भावकीतल्या दोन तरण्या पोरांना खांदा दिला होता. दोघंही गाडीवरून पडलेले. हे मला माहीत होतं. पण त्याचा आणि ताटातल्या हेल्मेटचा संबंध जोडायला मला आधी डोकं आपटावं लागलं.

निघताना प्रश्न आला अनारशांचा. वाण अखंड घरी पोचलं पाहिजे, मोडकं वाण मामींना चालत नाही. घरातले डबे लोणच्यानं आणि कुरडयांनी भरलेले, आणि अनारसा हा असा जिन्नस की त्याच्याकडे जरा रोखून बघितलं तरी तडकतो. तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिचा मला पुढे जवळजवळ तासभर अभिमान वाटला. मी हेल्मेट उलटं धरलं. आत चारी बाजूंनी मऊ गादी, घेर बरोबर अनारशाचा.

"मामी, याच्यात भरा की. अनारशासाठीच बनवलंय."

मामी थांबल्या. "अन् डोक्याला?"

"डोकं काय नवीन आहे का? तीस वर्षं उघडंच फिरतंय."

त्या हसल्या. हसल्या म्हणून पुढचं सगळं झालं, असं त्यांना नंतर वाटत राहिलं. त्यांनी आत जुन्या लुगड्याचा धुतलेला धडपा अंथरला आणि एकावर एक अनारसे रचले, खसखशीची बाजू वर. वंदनानं ते हेल्मेट तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेतलं आणि मागच्या सीटवर एकीकडे पाय सोडून बसली. मामा ओट्यावर उभे राहून बघत होते. त्यांचे दहा शब्द संपले होते.

काळी माती

कंधारच्या अलीकडे भुरभुर सुरू झाली. आमच्या काळ्या मातीवर जोराचा पाऊस पडला तर एक वेळ परवडतं, भुरभुर नको. ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातली माती डांबरावर आणलेली असते. तिच्यावर चार थेंब पडले की तिचा साबण होतो. जो माणूस पिढीजात बी-बियाणं विकतो त्याला हे कुणी सांगायला नको.

पण मी गोष्ट सांगत होतो. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याचा चेहरा बघायची मला सवय आहे, आणि ऐकणारी मागं बसलेली. मी मान वळवली. परत पुढं बघितलं तेव्हा वळण आलं होतं, माती आली होती, पुढे एक लहानसा पूलही होता. हँडल वळलेलं असताना मी पुढचा ब्रेक जीव खाऊन दाबला. शिकाऊ पोरानंही करू नये ते मी तीस वर्षांच्या अनुभवानं केलं.

पुढचं मला आठवत नाही, ते वंदनाकडून कळलेलं आहे. गाडी माझ्या पायावर आडवी झाली. माझं डोकं मागच्या बाजूनं पुलाच्या कठड्याला लागलं. वंदना उडून कडेच्या सोयाबीनमध्ये पडली, आणि पडताना तिनं दोन्ही हातांनी जे धरलं होतं ते सोडलं नाही.

हेल्मेटवर एक ओरखडा नव्हता. तेहतीसच्या तेहतीस अनारसे शाबूत होते.

चादर

आठवडी बाजारांत चादरी विकणारे एक रशीदभाई टेम्पो घेऊन मागून येत होते. त्यांनी मला उचलून सोलापुरी चादरींच्या थप्पीवर आडवं केलं आणि दवाखाना येईपर्यंत माझं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांत धरून बसले. टेम्पो त्यांच्या भावानं चालवला. रक्तानं किती चादरी वाया गेल्या ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "लाल रंगाच्या होत्या, साहेब. खपल्या." त्या लाल नव्हत्या. वंदनानं बघितलं होतं.

वाटेत शुद्ध आली तेव्हा मी म्हणे पहिला प्रश्न विचारला, "अनारसे?" रशीदभाई वंदनाला म्हणाले, "भाभी, बोलून राहिले म्हणजे घाबरायचं काम न्हाई. डोकं चालू हाय." वंदना म्हणते, तिला तेव्हा मेंदूला मार लागल्याची खात्रीच पटली.

कंधारला टाके आणि पट्टी, तिथून रुग्णवाहिकेनं नांदेड. कवटीला बारीक तडा, आत थोडं रक्त साकळलेलं, नडगीचे दोन तुकडे. डोकं उघडावं लागेल का हे कळायला थांबायचं होतं. ते थांबणं आयसीयूच्या दाराबाहेर वंदनानं आणि आमच्या श्रुतीनं केलं. श्रुती आमची लेक, लातूरला शिकवणीसाठी राहते, ती मिळेल त्या एसटीनं उभ्यानं आली होती. मी आत झोपलेलो. आजारी माणसाचं एक बरं असतं, भिण्याचं काम दुसऱ्यांना करावं लागतं.

डोकं उघडावं लागलं नाही. पायात रॉड टाकला.

खाटेवरून

दवाखान्यात माणसाची लाज टप्प्याटप्प्यानं जाते. सुरुवातीला भांडं मागताना मी नर्सबाईंना "जरा ते" म्हणायचो. पुढे पुढे दुकानात खताचं पोतं मागतात तसं मोठ्यानं मागायला लागलो. सकाळी अंग पुसणं, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायला येणारे. येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचा अपघात सांगतो. माझ्या डोक्यात रक्त साकळलेलं असताना मी दोन तास चुलत्याच्या मोडलेल्या करंगळीची हकीकत ऐकली आहे.

एक दुपार मात्र विसरता येत नाही. वंदना मला वरणभात भरवत होती आणि घास डाव्या हातानं देत होती. मी चेष्टा केली, की आता काय डाव्या हाताचं जेवण का. तिनं पुढचा घासही डाव्याच हातानं दिला. श्रुती कोपऱ्यातून म्हणाली, "पप्पा, मम्मीच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. तुम्ही ऑपरेशनला आत होतात तेव्हा घातलं."

पदराखाली होतं. मी तोवर तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला कुठं लागलं का.

"आता विचारा," वंदना म्हणाली.

मी विचारलं. तिनं आधी उरलेला भात संपवायला लावला, मग सांगितलं. मनगट, दोन्ही गुडघे, आणि आणखी एक गोष्ट जी ती तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं बोलली. "तुम्ही मागं वळून का बघितलं? मी ऐकत होते की. हूं हूं करून राहिले होते ना?"

याला माझ्याकडे गोष्ट नव्हती.

वाचणाऱ्यांपैकी कुणी खाटेवर असेल तर उपदेश म्हणून नाही, पण एक सांगतो. तुमच्या उशाशी जो बसलाय त्याच्या पदराखाली, बाहीखाली काय आहे ते आजच विचारून घ्या.

दूध

घरी आल्यावर मला बाहेरच्या खोलीत खाट टाकली होती, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. वंदना गॅसवर दूध ठेवून वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायला गेली, जाताना म्हणाली, लक्ष ठेवा. मी पेपर वाचत पूर्ण लक्ष ठेवून होतो. ती धावत खाली आली तेव्हा दूध उतू जाऊन, जळून, पातेलं काळं होऊन खोलीभर धूर झाला होता.

"अहो, वास न्हाई आला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दवाखान्यापासून मला कशाचाच वास आला नव्हता. फिनाईलचाही नाही. जेवण बेचव लागायचं, ते मी दवाखान्याच्या माथी मारलं होतं. वंदनानं लसूण ठेचून नाकाला लावला. काही नाही. हिंगाची डबी. काही नाही. मी, जो दुकानाच्या दारातून सांगायचो की आत कुठल्या औषधाचं झाकण सैल राहिलंय.

डॉक्टरांनी समजावलं. डोक्याला मागून मार बसला की आतला मेंदू हिसका खातो आणि नाकातून वर जाणाऱ्या वासाच्या नाजूक नसा तुटतात. परत येईल का? येतोही, नाहीही. वर्षभर वाट बघायची. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक चार वास घ्यायचे, नसांना आठवण करून द्यायची.

पाय मोडला त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. मोडलेला पाय लोकांना दिसतो, ते दार उघडून धरतात. वास गेलाय हे कुणाला सांगणार? आणि सांगितलं तर ऐकणारा हसतो, म्हणतो बरंय, गटारीच्या कडेनं जाता येईल. मीही हसायचो. मग जेवायला बसलो की ताटात नुसते रंग असायचे. आंघोळ करून आलेली वंदना जवळून जायची आणि ती गेली हे मला पावलांवरून कळायचं.

मी तिला बजावलं, मामींना हे सांगायचं नाही.

कारण मामींचं वेगळंच झालं होतं. त्या मला दवाखान्यात बघायला आल्या, दारातच थांबल्या, आणि माझ्या डोक्याच्या पट्टीकडे बघून वंदनाला म्हणाल्या, "माझ्या अनारशानं जावयाचं डोकं फोडलं." मी किती सांगितलं, की मामी, कल्पना माझी. "मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं," एवढंच त्यांचं. दिवाळीला मुखेडहून चिवडा आला, शेव आली, करंज्या आल्या. अनारसे आले नाहीत. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, असं कधी झालं नव्हतं.

चार वाट्या

डॉक्टरांनी सांगितलेल्या चार वासांत गुलाब आणि निलगिरी होती. वंदनानं ती यादी बाजूला ठेवली. ती म्हणाली, यांच्या नाकाला गुलाबाची ओळखच कुठाय. तिनं आमच्या घरच्या चार वाट्या केल्या: लवंग, लिंबाची साल, काळा मसाला, साजूक तूप. मी डोळे मिटायचे, तिनं एकेक वाटी नाकाखाली धरायची, मी ओळखायचं.

मी बऱ्याच ओळखल्या. श्रुतीनं एकदा लातूरहून व्हिडिओ कॉलवर बघत असताना पकडलं, की पप्पा वाटीच्या आवाजावरून सांगताहेत. तुपाची वाटी पितळेची होती. त्यानंतर चारही वाट्या स्टीलच्या झाल्या आणि माझे मार्क शून्यावर आले.

या सगळ्या काळात ते हेल्मेट खुंटीवर लटकत होतं. धडपा असूनही अनारशांचं तूप आतल्या गादीत मुरलं होतं. मुंग्या लागायच्या. श्रुती सुट्टीत आली की नाक मुरडायची, "मम्मी, ही गादी काढून धुता येते. किती वास मारतोय." वंदना म्हणायची, धुऊ नको. उन्हात ठेवायची, मुंग्या झटकायची, परत खुंटीला अडकवायची. वाणाची वस्तू म्हणून पाळत असेल, असं मला वाटलं. बायका काय काय पाळतात, मी कधी खोलात गेलो नाही.

अंबाडा

मी वॉकरवरून काठीवर आलो, पण गाडीवर बसायला पाय तयार नव्हता आणि खरं सांगायचं तर मनही. तेव्हा वंदनानं जाहीर केलं की ती स्कूटी शिकणार. शिकवायला सुट्टीत आलेली श्रुती, मैदान घरामागचं, आणि प्रेक्षक म्हणून मी खुर्ची टाकून. मी तीस वर्षांच्या अनुभवानं सूचना देत होतो. श्रुतीनं खुर्ची उचलून घरात नेली, मी पाठोपाठ गेलो.

तिच्यासाठी हेल्मेट घेताना अंबाडा आडवा आला. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, आणि अंबाडा तिनं लग्नापासून सोडलेला नाही. दुकानदार म्हणाला, मोठ्या मापाचं घ्या. श्रुती म्हणाली, मोठं म्हणजे डोक्यावर पातेलं, पडताना आधी तेच उडून जाईल. वंदना आरशापुढे उभी राहिली, अंबाडा सोडला, शाळेतल्या पोरीसारखी मानेवर सैल वेणी घातली आणि हेल्मेट चढवून पट्टा लावला. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, "पुढं बघा."

तिची गाडी चालवायची रीत माझ्यासारखी नाही. माती दिसली की ती लांबूनच वेग सोडते, हँडल सरळ ठेवते, ब्रेक दोन्ही मिळून हळू दाबते. मागं बोलायचं असलं की गाडी कडेला लावते. मला आधी वाटलं, ही भिते. मग लक्षात आलं, हिला येतं.

बरणी

थंडी ओसरायच्या सुमाराला मामांचा फोन आला. मामांचा फोन येणं म्हणजे काहीतरी झालेलं असतं. ते म्हणाले, "दिवाळीला पीठ केलतं तिनं. अनारशाचं. बरणीत हाय तसंच. कढई चढविना." आणि फोन ठेवला. मोजून बघा, दिवसाचे दहाच्या दहा एका दमात. त्यांच्या मानानं ते भाषणच होतं.

आम्ही निघालो. वंदना पुढे, मी मागे. तिच्या डोक्यावर तिचं हेल्मेट, माझ्या डोक्यावर वाणाचं. पहिल्यांदाच. कंधारला चहा घेतला, पाय मोकळा केला. त्या पुलावरून जाताना मी डोळे मिटून घेतले.

मामींनी लेकीला गाडीवरून उतरताना बघितलं आणि तोंडाला पदर लावला. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, मामी, बरणी काढा. त्या नको नको म्हणाल्या. मी चुलीपुढे पाट घेऊन बसकण मारली, मोडका पाय लांब केला आणि म्हटलं, आता उठवायला चार माणसं लागतील, बघा काय ते. शेवटी कढई चढली. मामींनी खसखशीवर गोळा थापला, तुपात सोडला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं, कधी म्हणायचं ते मात्र कळेना, म्हणून मी चांगला वेळ जाऊ दिला.

"वा, मामी," मी डोळे मिटून म्हटलं. "काय घमघमाट सुटलाय."

मी डोळे उघडले. मामींच्या हातात झारा तसाच होता आणि त्या कढईकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. कढईत अनारसा करपून काळा झाला होता. वंदना दारात नाकाला पदर लावून उभी होती.

"जावईबापू," मामी हळू म्हणाल्या, "वास येत न्हाई तुम्हाला?"

मग सगळं सांगावं लागलं. दूध, डॉक्टर, चार वाट्या. मला वाटलं होतं, त्या मोडून पडतील. त्या उठल्या, करपलेला अनारसा काढून बाजूला टाकला, चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं आणि परत बसल्या. "मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून."

"मी मनाला लावून घेतलं म्हणून अनारसे बंद केले, अन् तुम्ही माझ्या मनाला लागू नये म्हणून करपलेल्याला वा वा करून राहिले. दोघंबी सारखेच येडे हाव." त्यांनी दुसरा गोळा थापला. "इथंच बसायचं. समदं पीठ संपेपर्यंत. नाक कढईवर."

बसलो. पीठ संपेपर्यंत त्या एकेक अनारसा सोडत गेल्या आणि दरवेळी विचारत गेल्या, काही? मी दरवेळी खरं सांगितलं, काही नाही. मामा उंबऱ्यावर बसून ऐकत होते. एकही अनारसा मग करपला नाही.

पूल

निघताना मामींनी अनारसे भरायला नवाकोरा स्टीलचा डबा काढला. मग हेल्मेट स्वतः उचललं, आतून एकदा हात फिरवला, रिकामं आहे ना ते बघितलं आणि माझ्या डोक्यावर बसवलं. त्यांचा हात पुरेना म्हणून मी वाकलो. हनुवटीखालचा पट्टा त्यांना लावता येईना, वंदनानं दाखवलं. टक् आवाज झाल्यावर त्यांनी पट्टा दोनदा ओढून बघितला.

ऊन उतरायला लागलं होतं. कडेला ज्वारी उभी होती. वारं गार होतं म्हणून मी काच खाली घेतली. आत माझाच श्वास, उबदार, कोंडलेला. पूल जवळ आला तसं मी येतानासारखेच डोळे मिटून घेतले.

आणि काहीतरी आलं. वास आहे हेसुद्धा आधी कळलं नाही. जुनं, जड, जरासं कडवट असं काहीतरी नाकाच्या मुळाशी हललं. मी श्वास रोखला. गेलं. सोडून परत घेतला. परत आलं. मी वंदनाच्या खांद्यावर थाप मारली.

तिनं हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक मिळून दाबून गाडी कडेला घेतली. आम्ही बरोबर त्या कठड्यापाशी थांबलो होतो. ती घाबरून वळली. "काय झालं? पाय?"

"तूप," मी म्हटलं. "तुपाचा वास येतोय."

तिनं स्वतःची काच वर केली. माझ्या हेल्मेटच्या कडेला नाक लावलं.

"हाव," ती म्हणाली. "म्हणून तर धुऊ दिलं न्हाई."

वंदनानंच फोन काढला, मामींना लावला आणि माझ्या हेल्मेटच्या आत सरकवला.

"मामी, तुपाचा वास आला."

मामींनी एकदा फसवणूक झालेल्या माणसासारखं जपून विचारलं, "कसा येऊन राहिला?"

घमघमाट म्हणायचं माझ्या अगदी ओठावर होतं.

"खरं सांगू का मामी, खवट येतोय. जुन्या तुपाचा. चांगला न्हाई."

फोनमध्ये मामींचा श्वास ऐकू आला, मग त्यांनी मागं कुणाला तरी, मामांनाच असणार, मोठ्यानं सांगितलं, "खवट म्हणत्यात! आला, खरंच आला!" आणि मग मला म्हणाल्या, आवाज जरा ओला झालेला, "बरं, आता डोक्यावरलं काढू नका. घर येईपर्यंत तसंच ऱ्हाऊ द्या."